लोहामंडीतलं बिनपाटीचं खराद: जुन्या ट्रकच्या इंजिनाचं वय काढून मिळतं (चार स्टार)

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे घाईतले लोक मोकळे. पाचपैकी चार. कापलेला एक स्टार कामाचा नाही, स्वभावाचा पण नाही, फोन न उचलण्याचा आहे. सत्तावीस मिस्ड कॉल माझे. बँकेत नोकरी आहे, मोजायची सवय जात नाही.

दुकानाचं नाव लिहा म्हणाल तर नावच नाहीये. इंदूरच्या लोहामंडीत एका बोळात जुन्या कमानपाट्यांचा ढीग लागतो, त्याच्या मागे अर्धं उघडलेलं शटर, आत एक जुनं लेथ मशीन (इकडे मराठी घरात पण सगळे खरादच म्हणतात), भिंतीवर खडूने लिहिलेले हिशोब आणि एका स्टुलावर सत्तरीचे उस्ताद. पाटी नाही. विचारलं तर म्हणाले, "पाटी लगाई तो इनकम टैक्स वाले आएंगे, नी लगाई तो बी अपने वाले तो आई जाते." जवळच्या सियागंज बाजारातल्या पार्टवाल्यांना विचारा, "पुराने इंजन वाले उस्ताद" म्हटलं की कोणीही बोट दाखवतं.

मी का गेले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा, शेवरले ट्रक. इंदूरजवळ राऊला आमच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षं उभा आहे, वर्षातून एकदा दसऱ्याला काका त्याला हार घालतात आणि हॅंडल मारून सुरू करतात, आणि खरंच सुरू होतो. आबांचा धंदा होता सेंधव्याहून कापसाच्या गाठी भरून इंदूरच्या गिरण्यांना आणून द्यायच्या, आग्रा-मुंबई रोडवर या ट्रकने काय काय बघितलं असेल ते तोच जाणे. आता गेल्या वर्षी गुजरातकडून एक जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ आले, त्यांनी ट्रक बघितला, खूष झाले, आणि काकांनी त्यांना तिथल्या तिथे ठोकून दिलं की हा 1942 चा आहे, लढाईतला, महूच्या मिलिटरी डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीतून, आबांनी उचलला आणि इंजिन एकदम ओरिजिनल. ते गृहस्थ म्हणाले वा वा, मग तसं लिहून द्या. झालं. लिहून द्यायचं म्हटल्यावर ट्रकच्या कागदांवर सही कोणाची, तर वडील गेल्यापासून माझी. आणि मी खात्री नसलेल्या आकड्यावर सही करत नाही, घरच्या कागदावर तर नाहीच.

पहिली चूक माझीच. मी आधी बायपासवरच्या एका मोठ्या गॅरेजात फोन केला, नाव लिहीत नाही, काचेचं केबिन, एसी, कॉफी, सगळं चकाचक. त्यांनी एक पोरगा पाठवला. पोराने इंजिनावर उजव्या बाजूला एक सपाट जागा शोधली, तिच्यावर ग्रीस आणि गंज, नंबर दिसेना, तर त्याने काय करावं, पिशवीतून ग्राइंडर काढला आणि फिरवला! मी "अरे अरे" म्हणेपर्यंत दोन सेकंदांत चकचकीत लोखंड. त्या जागेवरच इंजिन नंबर पंच केलेला असतो. म्हणजे जे वाचायला आला होता तेच पुसून गेला. वर बिल पाठवलं, "इन्स्पेक्शन आणि क्लीनिंग". आमच्याकडे चेकवर खाडाखोड दिसली की चेक परत जातो, इथे तर साहेबांनी चेकच खाडाखोड करून दिला.

मग सियागंजच्या एका पार्टवाल्याने उस्तादांचं नाव सांगितलं. पहिल्या खेपेला मी मोबाइलवर पंधरा-वीस फोटो घेऊन गेले, एकदम तयारीने. उस्तादांनी बघितले पण नाहीत. "दीदी, फोटू में लोहा नी दिखता." एवढं बोलून परत लेथकडे. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पाऊण तास उभी होते, खुर्ची नाही, तिथलाच एक पोरगा कट चहा घेऊन आला तेवढाच आधार. शेवटी मी ग्राइंडरची गोष्ट सांगितली आणि तेव्हा पहिल्यांदा माणूस वळला. त्या ग्राइंडरवाल्या पोराला मालवीत जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाले, रविवारी येतो.

रविवारी खरंच आले. लुनावर. राऊपर्यंत. सोबत एक डबा रॉकेल, एक पितळी तारेचा ब्रश, जुनी बनियन, खडू, टॉर्च आणि एक छोटा आरसा, दाताच्या डॉक्टरकडे असतो ना तसा. बस. काका शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभे, चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं की बघूच आता हे कोण आले 42 ला खोटं पाडायला.

पुढचा दीड तास म्हणजे मी या सर्व्हिसला स्टार का देते त्याचं उत्तर आहे, म्हणून जरा लांबण लावते.

उस्तादांनी आधी इंजिनाला हात लावलाच नाही. ट्रकच्या तोंडासमोर उभे राहिले आणि पुढची जाळी बघत बसले. पाच आडव्या पट्ट्या. म्हणाले लढाईतला शेवरले असा नसतोच, तो चपट्या नाकाचा, कॅनडाचा, बोनेट जवळजवळ नसल्यासारखं. हे मी नंतर वाचून पण बघितलं, बरोबर आहे, लढाईच्या काळात आपल्याकडे आलेले मिलिटरी शेवरले आणि फोर्ड हे बरेचसे कॅनडातल्या कारखान्यांचे, आणि पाच आडव्या पट्ट्यांची ही जाळी शेवरलेने 1947 च्या उन्हाळ्यात आणलेल्या नव्या ट्रकची, 1953 पर्यंत चालली, 1954 ला तोंड बदललं. काचेच्या मधला दांडा गेला तो पण 1954 लाच. आमच्या ट्रकची केबिन लाकडी, इंदूरच्याच सुताराची, त्यामुळे काच-दरवाजे बघून काही कळणार नव्हतं, पण बोनेट आणि जाळी मूळची. म्हणजे 42 तिथेच मेला. काका म्हणाले जाळी नंतर बदलली असेल. उस्ताद म्हणाले, "हो सकता है दादा, इसलिए तो अबी इंजन बी देखेंगे." भांडले नाहीत. हे मला आवडलं.

मग त्यांनी मला विचारलं, डावं-उजवं कसं धरता? मी म्हटलं समोरून बघते तसं. म्हणाले इथेच निम्मे लोक चुकतात, इंजिनाचं डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं. या जुन्या सहा सिलेंडरच्या शेवरलेत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा), सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), हे सगळं उजव्या बाजूला, आणि सायलेन्सरकडचं मॅनिफोल्ड डाव्या बाजूला. नंबरांचा सगळा बाजार उजव्या बाजूला भरतो.

आणि मग ती गोष्ट जी त्या एसी गॅरेजला माहीत नव्हती. इंजिनावर दोन जातींचे नंबर असतात. एक ढलाईचे, म्हणजे लोखंड ओततानाच साच्यातून उठून आलेले, हाताला फुगीर लागतात, ग्राइंडर मारल्याशिवाय जात नाहीत. दुसरे पंचाने ठोकलेले, खोलगट, हे कारखान्यात इंजिन जोडून झाल्यावर सपाट जागेवर मारतात. ढलाईच्या नंबरांत परत दोन प्रकार: एक लांबलचक सात आकडी, तो नुसता त्या साच्याचा नंबर, तोच नंबर वर्षानुवर्षं हजारो इंजिनांवर असतो, आणि लोक नेमके तोच वाचून वय सांगत सुटतात. वयाचा खरा नंबर असतो छोटा, एक अक्षर आणि पुढे दोन-तीन आकडे, कोपऱ्यात, कोणी बघत नाही असा. मला आमच्या जुन्या पासबुकांची आठवण झाली, ब्रांच कोड मोठ्या अक्षरांत आणि ज्याच्यामुळे काम अडतं ती तारीख खाली बारीक शिक्क्यात.

उस्तादांनी सेल्फच्या आजूबाजूला रॉकेल मारलं, बनियनने पुसलं, ब्रश हलक्या हाताने, आणि मग खडू आडवा धरून घासला. अंधारात टॉर्च सरळ मारायचा नाही, तिरका मारायचा, भिंतीला चिकटवल्यासारखा, मग फुगीर अक्षराची सावली पडते. आरसा मी धरला. पहिल्यांदा काहीच दिसेना, मग हळूहळू पांढरं पांढरं वर आलं आणि मी वाचलं: के, 18, 4.

उस्ताद म्हणाले, बोलो. मी म्हटलं मला काय माहीत. म्हणाले के म्हणजे महिना. काकांनी लगेच बोटं मोजायला सुरुवात केली, ए जानेवारी, बी फेब्रुवारी, अकरावं बोट आलं के वर. नोव्हेंबर. (इथे आय सोडत नाहीत, हे लक्षात ठेवा. आय म्हणजे सप्टेंबर. आय सोडून मोजलं तर ऑक्टोबर येतो आणि सगळं एक महिन्याने घसरतं.) 18 तारीख. आणि 4 म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. फक्त शेवटचा! दशक कारखान्याने लिहिलेलंच नाही, कारण त्यांना काय माहीत सत्तर वर्षांनी राऊत कोणी आरसा धरून बसणार आहे.

काकांचा चेहरा उजळला. 44 म्हणजे लढाईच! दोन वर्षं इकडेतिकडे, पण लढाईच! मला पण क्षणभर वाटलं चला, सुटले.

उस्ताद हसले नाहीत की काही नाही, वर चढले आणि टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर, टॉर्च मारला. म्हणाले स्क्रू मोजा. कडेने चार. जुन्या इंजिनात कव्हर वरून मधोमध दोन नटांनी दाबलेलं असतं, कडेचे चार स्क्रू आले ते 1954 पासून. म्हणजे 34 नाही, 34 ला तर हे इंजिनच नव्हतं, 64 नाही कारण तोवर शेवरलेने हा जुना सहा सिलेंडर बंद करून नवीन डिझाइन आणलं होतं, 44 चं कव्हर असं नसतं, राहिलं काय, 54. 18 नोव्हेंबर 1954. रात्री मी मोबाइलवर कॅलेंडर लावून बघितलं, गुरुवार होता, म्हणजे कामाचा वार. उगाच बघितलं, पण रविवार निघाला असता तर मला झोप लागली नसती.

काका म्हणाले कव्हर पण बदलता येतं. (काका वकील व्हायला हवे होते.) आणि इथे उस्तादांनी जो प्रश्न विचारला तो मी जन्मभर विसरणार नाही. "दादा, इसका आइल मीटर कां तक जाता है?"

आता आमच्या घरात हा मीटर म्हणजे चेष्टेचा विषय आहे. ट्रकच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा छोटा मीटर, 0 ते 30, आणि इंजिन सुरू केलं की काटा उजवीकडे टोकाला जाऊन ठप्प, हलतच नाही. लहानपणापासून ऐकतोय की मीटर खराब आहे. आबांनी पण बदलला नाही, म्हणायचे काटा वर आहे म्हणजे ऑइल आहे, खाली पडला तर बघू.

मीटर खराब नाहीये. मीटर जुन्या इंजिनाचा आहे. हे उस्तादांनी ट्रक सुरू करून, काटा टोकाला गेलेला बघून, शांतपणे समजावलं. शेवरलेचं जुनं इंजिन, 216 क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, त्यात ऑइलचा दाब मुळातच कमी असायचा. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला चमच्यासारखं एक टोक, ते फिरताना खालच्या चेंबरमधल्या ऑइलच्या पन्हाळीत बुडतं आणि ऑइल उडवून घेतं, बेअरिंग व्हाइट मेटलचं, म्हणजे मऊ धातूचं, रॉडमध्येच ओतलेलं. अशा इंजिनाला 30 चा मीटर भरपूर. नंतरचं 235 चं, साधारण 3.9 लिटर, त्यात 1954 पासून ट्रकना पण पूर्ण प्रेशरने ऑइल प्रत्येक बेअरिंगला पोचवायची सिस्टिम आली, सुटी शेल बेअरिंग आली, आणि त्याला मीटर लागतो 60 चा. 30 च्या मीटरला 235 चं इंजिन जोडलं की काटा टोकाला आपटून तिथेच राहणार. म्हणजे गेली साठेक वर्षं तो बिचारा काटा आम्हाला सांगत होता की इंजिन बदललंय आणि आम्ही म्हणत होतो मीटर बिघडलाय!

काका गप्प. पहिल्यांदा.

मग उस्तादांनी वॉटर पंपाच्या मागे बोट दाखवलं, तिथे एक हाताने कापलेली जाड प्लेट, कारखान्याची वाटतच नाही, कोणीतरी नवीन इंजिनावर जुना पंप बसवायला खरादावर बनवलेली. उस्तादांनी तिच्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले अच्छा काम किया है जिसने बी किया. बस एवढंच, पण त्या माणसाच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्री.

आता ती ग्राइंडर मारलेली जागा, डिस्ट्रिब्युटरच्या मागे. मी धरून चालले होते की तिथे काही उरलं नाही. उस्तादांनी तिरका टॉर्च, खडू, आरसा, सगळं परत केलं, पोराने ग्राइंडर एका कडेला कमी दाबला होता तिथे एक एफ आणि त्याच्या पुढे 5 ची सावली. पुढचा आकडा साफ. एफ म्हणजे फ्लिंट, मिशिगनमधला शेवरलेचा इंजिन कारखाना, आणि त्या वर्षांत अक्षरानंतर मॉडेलचं वर्ष मारायचे. माझा लगेच प्रश्न, 54 ला ओतलं तर 54 च असणार ना? तर नाही, नोव्हेंबर म्हणजे त्यांच्याकडे पुढच्या वर्षाचं मॉडेल आधीच बाजारात आलेलं असतं, त्यामुळे नोव्हेंबर 54 ला ओतलेल्या ब्लॉकवर 55 पंच असायला हवं. म्हणजे ओतल्याची तारीख एक, मॉडेलचं वर्ष दुसरं, आणि दोन्ही खरी. आमच्याकडे इन्कम टॅक्समध्ये वर्षानुवर्षं होतं ना, फेब्रुवारीत भरलेला पैसा आणि असेसमेंट इयर वेगळंच, तसं. पण तो शेवटचा आकडा कोणी बघितलेला नाही आणि आता बघणार पण नाही, म्हणून उस्तादांनी कागदावर "एफ 5" आणि पुढे रेघ एवढंच लिहिलं. 55 लिहा म्हटलं तर म्हणाले, "जो नी दिखा वो नी लिखूंगा." याच्यासाठी मी अर्धा स्टार जास्त दिला असता, पण इथे अर्धा देता येत नाही.

घरी येऊन मी ट्रकची आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, काढली. जुनी, कापडी बाइंडिंगची, वर मध्यभारत सरकारचा शिक्का. मध्यभारत म्हणजे 28 मे 1948 ते 31 ऑक्टोबर 1956, त्याच्या आधी होळकर संस्थान आणि नंतर मध्य प्रदेश, म्हणजे नोंदणी या आठ वर्षांतलीच. आत मॉडेल 1949, आणि इंजिन नंबर जी ने सुरू होणारा. उस्तादांना दुसऱ्या दिवशी दाखवायला गेले (फोन उचलला नाही, गेलेच) तर एका नजरेत म्हणाले जी म्हणजे 49 च. त्या काळात शेवरलेच्या इंजिन नंबरचं पहिलं अक्षर वर्षाचं असायचं, जी 49, एच 50, जे 51, के 52, एल 53. आणि इथे मात्र आय सोडलाय! तिकडे महिन्यात धरायचा, इकडे वर्षात सोडायचा. आणि तिकडचा के म्हणजे नोव्हेंबर, इकडचा के म्हणजे 1952. माणसाने वेडं व्हावं की नाही सांगा. म्हणूनच म्हणते, नेटवरून एक तक्ता उतरवून स्वतः वय काढायला जाऊ नका, कोणतं अक्षर कुठल्या जागेवर आहे हे कळल्याशिवाय तक्ता उपयोगाचा नाही.

तर निकाल असा: ट्रक 1949 चा, इंजिन 1954 च्या नोव्हेंबरमध्ये ओतलेलं, मूळ इंजिन गेलं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना होता, 1928 ला सुरू झालेला, आमचा ट्रक तिथेच जोडला असावा असा माझा अंदाज, पण तो कारखाना 1954 मध्ये बंद झाला, म्हणजे हे दुसरं इंजिन तिथून नव्या ट्रकमध्ये बसून आलेलं असणं कठीण, कुठल्या तरी दुसऱ्या गाडीतून काढून आमच्यात आलं असणार. आत्याला फोन केला, ती पुण्याला असते, 84 वर्षांची. तिला इंजिन-बिंजिन काही माहीत नाही पण ती लगेच म्हणाली, अगं बिजासन घाटात ट्रक बंद पडला होता ना, आबा चार दिवस घरी नव्हते, आईने बांगड्या दिल्या होत्या. आत्याला साल आठवत नाही, तिची मुंज-लग्नाची मोजपट्टी, "तुझ्या बाबांच्या मुंजीच्या आधी". भरलेल्या गाठी, लांब चढ, आणि ते व्हाइट मेटलचं बेअरिंग, जुनं इंजिन तिथेच गेलं असणार. उस्तादांना सांगितलं तर नुसती मान हलवली, म्हणाले घाट में 216 यई करता था.

आणि एक. ते गुजरातचे गृहस्थ सिलेंडरचा बोअर, म्हणजे भोकाची रुंदी, मोजून गेले होते आणि त्यावरून इंजिन ओळखलं म्हणत होते. उस्ताद म्हणाले बोअर बघून कधी ठरवू नका, जुनं इंजिन दोनदा-तीनदा बोअर झालेलं असतं, दर वेळी भोक मोठं होतं, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, मात्र वाढत नाही, मोजायचाच तर स्ट्रोक मोजा.

बाकी गाड्यांचं पण बघतात. माझ्यासमोर एक जण जुन्या डॉजचा इंजिन नंबर घेऊन आला होता, टी ने सुरू होणारा, उस्ताद म्हणाले टी म्हणजे ट्रकचं इंजिन, विकणाऱ्याने गंडवलंय तुला. टाटाच्या जुन्या 692 बद्दल सांगत होते की त्याचं नावच त्याची कुंडली आहे, 6 सिलेंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, 697 म्हणजे 97 चा, मर्सिडीजच्या कराराच्या काळातला वारसा सगळा. जुन्या फोर्ड व्ही-एटवाल्यांनी मात्र जास्त आशा ठेवू नका, त्यांच्यात नंबर ब्लॉकवर मारलेलाच नसतो, गिअरबॉक्सवर आणि चेसिसवर असतो, त्यामुळे इंजिन बदललेलं असलं तर ब्लॉककडे बघून नंबर मिळणार नाही.

पैसे. राऊला यायचे, बघायचे आणि कागदावर लिहून द्यायचे मिळून 800 रुपये घेतले. एसी गॅरेजने नंबर पुसायचे याच्या तिप्पट घेतले होते. 60 चा मीटर पण त्यांनीच कुठून तरी जुना शोधून बसवून दिला, 1,500, आता काटा मधे थरथरतो आणि काका तासभर त्याच्याकडे बघत बसतात.

आता तक्रारी. फोन, वर सांगितलंच. सांगितलेल्या वेळेत दोन तास मिळवा. बिल मिळत नाही, जे लिहून देतात ते वहीच्या फाडलेल्या पानावर, हिंदीत, खाली सही आणि ग्रीसचा अंगठा, त्यामुळे आरटीओत किंवा इन्शुरन्सला ते चालेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. बायकांशी नीट बोलतात पण सुरुवातीला तुमच्याऐवजी शेजारच्या पुरुषाकडे बघून उत्तर देतात, काकांना काहीही कळत नसताना पहिली दहा मिनिटं सगळं काकांनाच सांगत होते, आरसा माझ्या हातात आला तेव्हा सुधारले. आणि बिडी. शेडमध्ये, रॉकेलच्या डब्याशेजारी. मी बोलले, त्यांनी विझवली, पाच मिनिटांनी दुसरी.

गुजरातच्या गृहस्थांना मी त्या पानाचा फोटो जसाच्या तसा पाठवला. 42 नाही, ओरिजिनल इंजिन नाही. त्यांनी किमतीचा आकडा बराच खाली आणला, काकांना तो मान्य नाही, त्यामुळे ट्रक सध्या राऊलाच आहे. काका आता येणाऱ्या-जाणाऱ्याला टॅपेट कव्हरचे चार स्क्रू मोजायला लावतात आणि स्वतःच शोध लावल्यासारखे 54 सांगतात.

जाणार असाल तर: सकाळी अकराच्या आत शटर उघडत नाही, शुक्रवारी दुपारी बंद. आरसी असेल तर पहिल्याच खेपेला न्या, माझी एक फेरी वाचली असती. आणि जाण्याआधी इंजिन धुवून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका, जसं आहे तसं मळकं राहू द्या.